व्हिनेगर-सोड्याने डाग का निघत नाहीत, आणि मग काय वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात रांगतं मूल आहे म्हणून संडासाचं ॲसिड, फिनाइल आणि ब्लीच बंद केलं. त्याऐवजी खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरलं आणि तेच सगळीकडे मारलं. फरशी पुसायच्या पाण्यातही व्हिनेगर घातलं. आता नळांवरचे आणि बादल्यांवरचे पांढरे थर जागच्या जागी आहेत, चिमणीची जाळी चिकटच आहे, आणि हॉलमधल्या शहाबादी फरशीची चमक मात्र गेली आहे. पाणी बोअरचं. चुकतंय कुठे?

आधी ती बाटली मोरीत रिकामी करा. व्हिनेगर आंबट, सोडा अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. अशा 100 मिलीत साडेपाच ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे जेमतेम शीग लावलेला एक छोटा चमचा, पडला की आम्ल संपलं. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस छान येतो, पण तो नुसता कार्बन डायऑक्साइड. त्यात डाग काढायचा जोर नसतो. शिवाय असं मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं तर गॅसच्या दाबाने झाकण उडतं.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या मळासाठी. घरातला मळ मुख्यतः दोन जातींचा. तेल, तूप, फोडणीचा धूर, अंगाचा तेलकटपणा हा एक. त्याला अल्कली किंवा साबणासारखा फेसाळ पदार्थ लागतो. पाण्याचे क्षार, गंज, तांब्या-पितळेचा काळा-हिरवा थर हा दुसरा. त्याला आंबट लागतं. नळावरचा पांढरा थर सोड्याने जन्मात निघणार नाही आणि चिमणीचं तेल लिंबाने निघणार नाही. डाग बघून जात ओळखली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तो डाग कशावर पडलाय ते बघणं. तुमच्या फरशीचं नुकसान तिथेच झालं.

शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, आणि संगमरवरही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, बायो-एन्झाइम यातलं काहीही लागलं की हे दगड वरून विरघळतात. जे निस्तेज दिसतंय तो मळ नाही, खरवडला गेलेला दगड आहे, त्यामुळे आणखी काही चोळून तो चमकणार नाही. मशीनने पॉलिशच करून घ्यावं लागेल. फरशी कसली आहे याची खात्री नसेल तर सोफ्याखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसून तिरप्या उजेडात बघा. बारीक बुडबुडे आले किंवा मंद ठिपका उरला, तर त्या फरशीला आंबट कायमचं बंद. व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइलला या सौम्य आम्लांनी काही होत नाही, पण टाइलांमधली सिमेंटची सांध मात्र खाल्ली जाते. म्हणून तिथेही आंबट पाणी साचू द्यायचं नाही.

फरशीसाठी रिठा घ्या. 50 ग्रॅम रिठ्याची टरफलं (बिया फोडून काढलेली, बियांचा उपयोग नाही) एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर हाताने कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. उकळताना पातेलं मोठं घ्या, दुधासारखं उतू जातं. हे तपकिरी पाणी अर्ध्या बादलीत, म्हणजे साधारण पाच लिटरला, पाव कप पुरतं. जास्त घातलं तर फरशी चिकचिकते आणि पायाचे ठसे उमटतात. मग लोकांना वाटतं रिठ्याने फरशी निघत नाही. फेस साबणाइतका येत नाही, यायची गरजही नाही. रिठ्यातल्या सॅपोनिनचा, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाचा, मोठा फायदा बोअरच्या पाण्यात दिसतो. साबण अशा पाण्यात कॅल्शियमशी मिळून पांढरी साय धरतो, रिठ्याचं तसं होत नाही.

दोष दोन. एक, हे पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसांत आंबूस वास येतो, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि रोज दोन खडे बादलीत टाका, हे सगळ्यात सोपं. दुसरा, डोळ्यांत गेलं तर भयंकर चुरचुरतं, आणि रिठ्याची कोरडी पूड उडाली की शिंकांवर शिंका. पूड करायचीच असेल तर मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका. हे पाणी बागेत ओतलं तर चालेल, मासे असलेल्या टाकीत किंवा तळ्यात नाही. सॅपोनिन माशांना मारक आहे.

फरशी पुसायच्या पाण्यात खडेमीठ घालायची चाल अनेक घरांत आहे. स्वच्छतेच्या बाजूने त्याचा काही उपयोग नाही. वाळल्यावर पांढरट थर मात्र राहतो आणि लोखंडी कपाटाचे पाय गंजतात. श्रद्धेने घालत असाल तर तो वेगळा विषय.

आता बोअरच्या पाण्याचे क्षार. इथे व्हिनेगरपेक्षा सायट्रिक ॲसिड परवडतं आणि वासही नाही. वाण्याकडे लिंबूसत्व म्हणून मिळतं. सपाट चार मोठे चमचे, म्हणजे साधारण 50 ग्रॅम, एक लिटर साध्या पाण्यात विरघळवा. नळ असेल तर जुनं सुती फडकं या पाण्यात भिजवून क्षारावर गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा म्हणजे वाळणार नाही. अर्ध्या तासाने सोडून जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्रोमच्या नळावर तासाच्या पुढे ठेवू नका, सोनेरी मुलाम्याच्या नळावर ठेवूच नका. शॉवरची भोकं बुजली असतील तर तोंड काढून याच पाण्यात तासभर बुडवून ठेवा.

इथे एक गोम आहे. सगळे सांगतात की द्रावण उकळतं करा म्हणजे लवकर निघेल. सायट्रिक ॲसिडच्या बाबतीत हे उलटं पडू शकतं. त्यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि किटलीच्या तळाशी नवा, चिवट पांढरा थर बसतो. म्हणून पाणी तापवायच्या इलेक्ट्रिक किटलीत एक लिटर गार पाणी, दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, तासभर तसंच, न उकळता; मग ओतून दोनदा विसळायचं. गरमच करायचं असेल तर व्हिनेगर घ्या, त्याचा क्षार विरघळतो. फक्त स्वयंपाकघरात वास भरतो.

बादल्या, मग आणि न्हाणीच्या टाइलवरचा जो मऊसर, नखाने खरवडला जाणारा पांढरा थर आहे, तो नुसता क्षार नाही. साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला आहे तो. म्हणून एका वस्तूने निघत नाही, दोन टप्पे लागतात. आधी सायट्रिकचं पाणी पंधरा मिनिटं, काथ्याने घासणं, धुणं. आम्लाने कॅल्शियम सुटतं, पण साबणातला तेलकट भाग मोकळा होऊन तसाच चिकटून राहतो. हात लावला तर बुळबुळीत लागेल. आता धुण्याचा सोडा एक मोठा चमचा लिटरभर गरम पाण्यात घालून फिरवा आणि पुन्हा धुवा. हा क्रम उलटा केला किंवा मधलं धुणं टाळलं, तर परत तीच व्हिनेगर-सोड्याची गत.

पाण्यात लोह असेल तर डाग पिवळे-तांबूस दिसतात, विशेषतः फ्लशच्या टाकीत आणि कमोडच्या धारेखाली. अशा डागावर ब्लीच कधीच नको. ब्लीच लोहाला आणखी गंजवतं आणि डाग पक्का बसतो. पांढरे कपडे ब्लीचमध्ये घातल्यावर पिवळे पडतात त्याचं एक कारण हेच. सायट्रिक ॲसिड लोहाला धरून विरघळवतं.

संडासासाठी ॲसिडची गरज बहुतेक घरांत नसते. असते ती धीराची. बाजारातल्या निळ्या द्रवात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणून ते दहा मिनिटांत काम करतं. सायट्रिकला रात्र द्या. आधी कमोडमधलं साचलेलं पाणी ब्रशने आत रेटून किंवा मगाने काढून कमी करा, कारण भरल्या पाण्यात कितीही पावडर टाकली तरी ती पातळच होते. मग 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड अर्धा लिटर पाण्यात विरघळवून कडेच्या खालून गोल ओता. पाण्याच्या वरच्या डागांवर टिश्यू किंवा जुनं फडकं त्याच द्रावणात भिजवून चिकटवा. सकाळी फडकं काढून ब्रश मारा आणि फ्लश करा. टिश्यू असेल तर तोही हाताने काढा, कमोडमध्ये सोडू नका. पहिल्यांदा लागोपाठ दोन-तीन रात्री करावं लागेल, पुढे पंधरवड्यातून एकदा पुरतं. रोजच्या धुण्याला रिठ्याचं पाणी आणि ब्रश बास. बंगल्याला सेप्टिक टँक असेल तर ॲसिड आणि ब्लीच बंद केल्याचा फायदा तिथेही आहे, कारण टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू या दोन्हींनी मरतात. आणि ॲसिडच्या वाफांनी न्हाणीतल्या स्टीलच्या कड्या-बिजागऱ्या गंजतात, तेही थांबेल.

स्वयंपाकघरात मात्र अल्कलीचं राज्य. चिमणीची जाळी स्टीलची असेल तर टबमध्ये चांगलं गरम पाणी, लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, जाळी बुडेल इतकं, अर्धा तास. हातमोजे घाला; धुण्याचा सोडा खायच्या सोड्यापेक्षा बराच जहाल आहे, बोटांची साल निघते. तेल पाण्यावर तपकिरी होऊन सुटताना दिसेल. पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर हे करू नका, ती काळी पडते आणि खाल्ली जाते. ओळख सोपी: ॲल्युमिनियमची जाळी हाताला हलकी लागते, बहुधा विणलेली असते, आणि चुंबक चिकटत नाही. (काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर जाऊ नका.) ॲल्युमिनियमसाठी रिठ्याचं दाट पाणी गरम करून वापरा आणि दोनदा करा.

कुकर आणि पातेल्यांचंही हेच गणित. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला तर त्या रेघेपर्यंत पाणी, त्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली, दहा मिनिटं उकळी. स्टीलचं पातेलं करपलं तर दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि पाणी उकळून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी उलथन्याने खपली निघते. तेलकट कढई धुण्याआधी चमचाभर जुनं बेसन किंवा कोंडा टाकून पुसून घ्या. निम्मं तेल तिथेच जातं आणि मोरीच्या नळीत थिजत नाही. लाकडाची राख मिळत असेल तर चाळून वापरा. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणून ती नुसती घासत नाही, तेलही कापते. दगडी कोळशाची राख नको. नॉनस्टिक आणि कल्हईच्या भांड्यांना राखही नको, रांगोळीही नको. रांगोळीने शेगडी आणि चांदी घासायची सवय अनेक घरांत आहे, पण ती दगडाची भुकटी आहे आणि बारीक ओरखडे पाडते.

तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ हे जुनंच उत्तर आहे आणि त्याला तोड नाही. लिंबाएवढी चिंच पाव कप पाण्यात भिजवून कोळ काढा, त्यात छोटा चमचा मीठ. दोन मिनिटं चोळा, लगेच धुवा. यापुढची पायरी बहुतेक जण टाळतात आणि म्हणून समई दुसऱ्या दिवशी पुन्हा काळवंडते: धुतल्यावर चिमूटभर खायच्या सोड्याचं पाणी फिरवून आंबटपणा मारायचा, पुन्हा धुवायचं, आणि कोरड्या फडक्याने खटखटीत पुसायचं. आपोआप वाळू दिलं तर बोअरच्या पाण्याचे ठिपके त्यावर उमटतात. पितळ गुलाबी दिसायला लागलं तर कोळ जास्त वेळ ठेवला असं समजा. लॅकर मारलेल्या शोभेच्या पितळी वस्तूंना हे लावू नका. चांदीसाठी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरून वर भांडी ठेवा, एक लिटर कढत पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ. चांदी फॉइलला टेकलेली हवी. पाच मिनिटांत काळेपणा जातो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. खड्यांचे आणि मुद्दाम काळे केलेले दागिने यात घालू नका.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि लोक घाबरतात. हळदीतलं करक्युमिन अल्कलीत लाल होतं, एवढंच. धुऊन ओलाच कपडा कडक उन्हात टाका. दोन-तीन उन्हांत फिका होऊन जातो. ओट्यावरचा डागही उन्हाची तिरीप येत असेल तर तसाच उडतो.

बायो-एन्झाइमबद्दल सगळेच विचारतात, म्हणून प्रमाणासकट सांगतो. 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम संत्री-मोसंबी-लिंबाच्या साली, एक लिटर पाणी, दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत. काचेची नको, गॅसने फुटते. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडा, पुढे आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी गाळा. चिमूटभर यीस्ट घातलं तर लवकर होतं. वर पांढरी साय आली तर हरकत नाही. काळी-हिरवी बुरशी आली किंवा वास आंबट न येता कुजका आला तर टाकून द्या. शिजलेलं किंवा तेलाचं काही त्यात घालू नका. आता खरं मत: हे सालींचं व्हिनेगर आहे. काम बहुतांश ॲसेटिक आणि तत्सम सौम्य आम्लांचं, नावातल्या एन्झाइमचं फारसं नाही. साली वाया जात नाहीत, वास बरा येतो, टाइलच्या फरशीला अर्ध्या बादलीत चार मोठे चमचे चांगले. पण त्याने जंतू मरतात, तुंबलेली गटारं मोकळी होतात, हे दावे सोडून द्या. आणि तुमच्या शहाबादीवर ते व्हिनेगरइतकंच वाईट.

तुंबलेल्या बेसिनला यातलं कुठलंच द्रव्य मोकळं करत नाही. केस आणि थिजलेलं तेल हातानेच काढावं लागतं. खाली बादली ठेवा, बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून उघडा, साफ करा, वॉशर परत जागेवर बसवा. पीव्हीसीच्या पाइपात उकळतं पाणी ओतू नका, तो मऊ पडून सांधे सैल होतात.

ब्लीच पूर्ण हद्दपार करू नका. वर सांगितलेलं काहीही भरवशाचं जंतुनाशक नाही. घरात उलट्या-जुलाबाची साथ आली, किंवा कच्च्या मांसाचं पाणी ओट्यावर सांडलं, तर आधी साबणाने धुवा, मग 4 ते 5 टक्क्यांचं साधं ब्लीच 25 मिली एक लिटर पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवून पुसा. द्रावण त्याच दिवशी संपवा. स्टीलच्या सिंकमध्ये साचू देऊ नका, खड्डे पडतात. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आंबट, मग ते संडासाचं ॲसिड असो, व्हिनेगर असो की लिंबूसत्व, मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. नैसर्गिक आम्लालाही हा नियम लागू आहे, हे घरगुती उपाय करणारे हमखास विसरतात. तसंच टाकणखार (बोरॅक्स) नैसर्गिक आहे म्हणून मूल रांगतं तिथे शिंपडू नका. पोटात गेला तर तो विषारी आहे. घरात मांजर असेल तर टी-ट्री वगैरे तेलं फरशीच्या पाण्यात नकोत, आणि फिनाइलही नको.

साठवण: सायट्रिक ॲसिड आणि धुण्याचा सोडा दिसायला साखर-मिठासारखेच. वेगळ्या रंगाच्या झाकणाचे डबे, मोठ्या अक्षरात नाव, मुलाचा हात पोचणार नाही अशा कपाटात. कुठलंही द्रव्य पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. चुकून काही गिळलं गेलं तर उलटी करवू नका, उतारा म्हणून सोडा किंवा लिंबू पाजू नका. तोंड धुऊन, डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना.

जुन्या ॲसिडची उरलेली बाटली नाल्यात किंवा झाडाखाली ओतू नका. खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून संडासातच दोन-तीन वेळा थोडं थोडं वापरून संपवा, आणि त्या दिवशी ब्लीचला हात लावू नका. रिकामी बाटली तीनदा विसळून, झाकणाला भोक पाडून कचऱ्यात द्या, म्हणजे ती कुणी पाणी भरायला उचलणार नाही.